बादलीत नक्की काय होतं

डॅनकाका, तुमच्या वेकमध्ये, म्हणजे पुरण्याआधी पेटीभोवती सगळे जमतात त्या बैठकीत, मी सगळ्यांसमोर उभी राहून एक खोटी गोष्ट सांगितली. निदान सांगायला सुरुवात केली तेव्हा तरी मला ती खोटी वाटत होती. तुम्ही शेजारी पेटीत निजलेले, अंगात तो तपकिरी सूट, ज्याला तुम्ही माझी-तुमची ओळख झाल्यापासून 'माझा शेवटचा सूट' म्हणत आलात. मला सारखं वाटत होतं, आता तुम्ही एक डोळा उघडणार आणि माझंच वाक्य मला ऐकवणार, "पुरावा काय?"

पुढे जे झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. हजर असून गैरहजर होतात तुम्ही. म्हणून हे लिहितेय, आणि मराठीत लिहितेय. तुम्हीच म्हणायचात की मेल्यावर माणसाला सगळ्या भाषा समजतात, नाहीतर स्वर्गाच्या दारावर बसणाऱ्याची पंचाईत होईल.

ऐंशी साली आम्ही अमेरिकेत, बफेलोला आलो तेव्हा तिघाचौघांनी बजावलं होतं, कुठेही घर घ्या, फर्स्ट वॉर्ड नावाच्या वस्तीत तेवढं जाऊ नका. एका अंगाला सरोवर, दुसऱ्या अंगाला नदी, मध्ये रेल्वेचे रूळ आणि सगळ्यांवर सावली धरून उभी असलेली धान्याची उंच कोठारं. त्या बेचक्यात शंभराहून जास्त वर्षं आयरिश लोक राहताहेत आणि ते बाहेरच्याला दारात उभं करत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पण माझा नवरा प्रकाश जिथे कामाला लागला ती पोलादाची गिरणी तिथून फार लांब नव्हती, मला लागलेली वाचनालयातली नोकरी तर चालत जाण्यासारखी, आणि तुमच्या खिडकीत पाटी होती की वरचा मजला भाड्याने देणे आहे.

तुम्ही दार उघडलंत आणि पहिला प्रश्न विचारलात, "कुठलं चर्च?"

हा प्रश्न माझ्या ओळखीचा होता. नागपुरात काय आणि पुण्यात काय, घर बघायला गेलं की आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की घर नेमकं कालच भाड्याने गेलेलं असायचं. प्रकाशनं सरळ सांगून टाकलं की आम्ही बौद्ध. तुम्ही चौकटीला टेकून चांगला अर्धा मिनिट विचार केलात.

"त्यांच्याशी आमचं कधी भांडण झालेलं नाही," असं म्हणालात आणि किल्ली आणायला आत गेलात.

प्रकाश जिन्यातच हसत सुटला. मला हसू येईना, कारण मला रडू येत होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, ते आज सांगून टाकते.

आमची लेक मैत्री तेव्हा तीन वर्षांची. मोठ्या माणसाला नुसत्या नावानं हाक मारायची नाही, असं मी तिला शिकवलेलं, म्हणून तिनं तुमचा डॅनकाका केला. वर्षभरात रस्त्यावरची सगळी लाल केसांची पोरं तुम्हाला डॅनकाका म्हणायला लागली, पुढे पोस्टमनसुद्धा. नोराकाकूंना ते फार आवडलं. त्या म्हणायच्या, पन्नास वर्षांच्या संसारात ह्या माणसाला पहिल्यांदाच कुणी पदवी दिली.

आणि ते तांदूळ आठवतात का? तुम्ही खोली गरम करणारा रेडिएटर दुरुस्त करायला वर आला होतात आणि मी टेबलावर तांदूळ निवडत बसले होते. रेडिएटर राहिला बाजूला. तुम्ही ढिगात हात घातलात, मूठ नाकाशी नेलीत, एक दाणा दाताखाली फोडलात आणि निकाल दिलात की माल कोरडा आहे, प्रवासात भिजलेला नाही. चाळीस वर्षं जहाजांच्या पोटात उतरून धान्य उपसलेला माणूस, तुम्हाला दाण्याशी बोलल्याशिवाय राहवेना. मग मैत्रीची फूटपट्टी आणि सुतळीचा तुकडा घेऊन तुम्ही मला स्कूपरचं काम शिकवलंत. वरून यंत्राची सोंड जहाजात उतरते, ती आपल्या तोंडापुढचं धान्य ओढून घेते, पण कानाकोपऱ्यातलं तिच्यापाशी माणसांनीच आणून घालायचं, दोराला बांधलेल्या दाराएवढ्या फावड्यांनी, आणि अगदी शेवटी झाडूनं. धूळ इतकी, की शेजारी कोण आहे ते त्याच्या खोकल्यावरून ओळखायचं. तासाभरात माझे निम्मे तांदूळ जमिनीवर. वर तुम्ही मलाच ऐकवलंत की खऱ्या स्कूपरनं एवढं सांडलं असतं तर त्याला नदीत फेकून दिला असता. रेडिएटर दोन दिवसांनी प्रकाशनं दुरुस्त केला.

त्याच हिवाळ्यात नोराकाकू गेल्या आणि मी घोटाळा केला. आमच्याकडे ज्या घरात मयत होतं त्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण करून नेतात. म्हणून मी टोरांटोहून आणलेलं सगळं बेसन काढलं आणि नागपुरी हातानं, लाल तिखटाचा हात जराही न आखडता, भलं मोठं पातेलंभर झुणका केला. पांढरी साडी नेसले, वरून कोट घातला आणि खाली आले. मनात म्हणत होते, बिचारे डॅनकाका सकाळपासून उपाशी असतील.

दार उघडलं तर आत चाळीसेक माणसं. टेबलावर दोन अख्खे हॅम, अकरा कॅसरोल, बिअरच्या बाटल्या, एक म्हातारा अकॉर्डियन वाजवतोय, आणि सगळे हसताहेत. आजकाल वेक फ्यूनरल होममध्ये करतात, पण नोरा तिच्या स्वयंपाकघरावरूनच जाईल हा तुमचा हट्ट, म्हणून पेटी बैठकीच्या खोलीत. मला इतका राग आला म्हणून सांगू. मी कोपऱ्यातली खुर्ची धरली आणि आमच्या रीतीप्रमाणे मोठ्यानं रडले. आजूबाजूचे लोक हळूहळू सरकून लांब बसले. तुमची धाकटी बहीण पेग हिनं तर कुणाला तरी विचारलंही, की ही बाई कोण आणि हिचं एवढं काय गेलं.

तुम्ही खुर्ची ओढून माझ्याजवळ बसलात. "हे बघ सुजाता, या वॉर्डात वेकमध्ये जो हसत नाही ना, त्याच्यावर लोकांना संशय येतो. त्यांना वाटतं, याची मेलेल्याशी ओळखच नव्हती."

मग तुम्ही मला नियम सांगितलात. जो येईल त्यानं गेलेल्या माणसाची एक गोष्ट सांगायची, आणि ती ऐकून लोकांना हसू आलं पाहिजे. तुमच्या लग्नाच्या दिवशी मोठं जहाज यायचं म्हणून नदीवरचा पूल वर उचललेला, नवरी पलीकडे, चर्च अलीकडे. नोराकाकू पांढऱ्या झग्यानिशी टगबोटीत उतरल्या, काजळी माखून चर्चच्या दारात आल्या आणि तुम्हाला म्हणाल्या, माझ्यासाठी पोहत यायला काय झालं होतं? ही गोष्ट सांगताना तुमच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि खोली हसून हसून लोटपोट झाली होती. मीही हसले, नाक पुसत.

झुणक्याचं तर विचारूच नका. टॉम, तरुणपणापासूनचा तुमचा कामावरचा जोडीदार, त्यानं पहिला घास घेतला, टोमॅटोसारखा लाल झाला, एक अवाक्षर न बोलता बाटली रिकामी केली आणि पुन्हा वाढून घेतलं. त्यानंतर वॉर्डात कुणी गेलं की पेगचा फोन ठरलेला, ते पिवळं करणार आहेस ना? पाच वर्षांत मी नऊ वेकना झुणका केला. एकदा मयताहून येऊन सवयीनं डोक्यावरून आंघोळ केली आणि ओल्या केसांनी पातेलं आणायला परत गेले, तर पेग मला वेड्यात काढून टॉवेल घेऊन मागे लागली. बाहेर शून्याखाली होतं आणि तिला आठवड्यात दोन वेक नको होते.

नोराकाकू गेल्यावर रविवारची दुपार तुम्हाला खायला उठायची. तेव्हाच आमच्या वाचनालयाला वॉर्डाचा इतिहास म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्यायचा होता. मी म्हटलं, माझ्या घराच्या खालच्याच मजल्यावर एक इतिहास राहतो, तो कधी गप्प बसत नाही. आणि टेपरेकॉर्डर घेऊन खाली आले. कितीदा तरी आले. बटाट्याचा दुष्काळ, उपाशी पोटी केलेला जहाजाचा प्रवास, कालवा खणणारे तुमचे पणजोबा, दारूच्या गुत्त्यात जाऊन बसल्याशिवाय ज्यांना काम मिळत नसे ते तुमचे आजोबा, त्याविरुद्ध झालेला संप, मग तुमचे दिवस, मग तो नवा जलमार्ग उघडला आणि जहाजं बफेलोला वळसा घालून थेट समुद्राकडे जायला लागली. कोठारं ओस पडली. उरली ती एक, जिच्या शेजारच्या कारखान्यात नाश्त्याचं सीरियल भाजतात. त्या वासावर सगळा वॉर्ड सकाळी उठतो. तुम्ही म्हणायचात, आम्हाला गरिबी आली पण भाजलेल्या ओट्सच्या वासानं आली.

काल मी त्या कॅसेट पुन्हा ऐकल्या, काका. मला तुमचा आवाज ऐकायचा होता. पण दर दोन मिनिटांनी मीच बोलतेय. मागच्या वेळी तुम्ही एप्रिल म्हणालात, आता मे म्हणताय. मागे भाऊ तीन होते, आता चार कसे? तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता, मी पुन्हा अडवते. मला त्या बाईचं तोंड धरावंसं वाटलं.

आणि ती बादली. संपाच्या वेळी बाहेरगावाहून आणि काही आतूनही माणसं फितवून आणली होती, संप फोडायला. ती पूल ओलांडून धक्क्याकडे निघाली तेव्हा तुमची आजी बादली घेऊन पुलावर उभी राहिली आणि कोबी उकडलेलं कढत पाणी तिनं पहिल्या रांगेवर फेकलं. रांग मागे फिरली. ही गोष्ट तुम्ही मला चार वेळा सांगितलीत. दोनदा कोबीचं पाणी होतं, एकदा कपडे धुतलेलं, आणि एकदा, त्या दिवशी तुम्ही दोन बिअर जास्त घेतल्या होत्या, चक्क मासे उकडलेलं. मी शहाणी, ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली. वाचनालयात बसून त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्म पालथ्या घातल्या. संप होता, पूल होता, बादली कुठेच नव्हती. मी ते तुम्हाला मोठ्या विजयानं येऊन सांगितलं.

तुम्ही शांतपणे विचारलंत, "पेपर कुणाचा होता?"

"म्हणजे?"

"ज्यांची माणसं भिजली त्यांचा. ते कशाला छापतील?"

मी ऐकेना. मग तुम्ही मला विचारलंत की तुझी आजी कशी होती. मी सांगितलं. आमच्या गावच्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत. माझी आजी एका भर दुपारी घागर घेऊन गेली, तिनं विहिरीतलं पाणी शेंदलं आणि भरलेली घागर डोक्यावर घेऊन पाटलाच्या ओसरीसमोरून चालत घरी आली. तुम्ही ऐकताना खोकलासुद्धा दाबून धरला होतात. सांगून झालं तेव्हा म्हणालात, "याचा काही कागद आहे?"

कॅसेटवर पुढे माझी खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. मग माझा आवाज येतो, "कागद नाही. पण ती माझी आजी आहे." आणि मग तुमचा कप बशीत ठेवल्याचा आवाज. तुम्ही मला तिथेच पकडायला हवं होतं. मला तेव्हाच कळलं होतं की मी हरले, पण कबूल करीन तर शपथ. त्या कॅसेटच्या लेबलावर मी पेन्सिलीनं 'बादली: पुरावा नाही' असं लिहिलं आणि कपाटात ठेवली.

आता जे खरोखर बोलायचं राहिलं ते. गिरणी बंद पडली ते तुम्ही पाहिलंत. प्रकाशनं तीन वर्षं काय काय केलं तेही पाहिलंत, कॉलेजात तासावर शिकवलं, एका दुकानात बर्फ काढायची यंत्रं विकली. या जानेवारीत त्याला न्यू जर्सीत नोकरी लागली. आयसेलिनला, जिथे आता दोन-चार देशी दुकानं झालीत आणि बेसनासाठी कॅनडाची बॉर्डर क्रॉस करावी लागत नाही. एप्रिलमध्ये निघायचं ठरलं. सगळं ठरलं, फक्त तुम्हाला सांगायचं ठरेना.

कारण जाणाऱ्यांचं तुम्ही काय करता ते मी पाहिलं होतं. कुणी वॉर्ड सोडून चाललं की तुम्ही निरोपाला जायचा नाहीत. मागच्या अंगणात जाऊन उगाच काहीतरी ठोकत बसायचात. पेगला म्हणायचात, पूल वर गेला. आणि ते घर मात्र पुढे कायम त्यांच्याच नावानं ओळखायचात, मग मध्ये तीन भाडेकरू येऊन का जाईनात. मला तुम्ही ठोकत बसलेलं बघायचं नव्हतं.

"तू सांगणार आहेस की मी सांगू?" प्रकाश रोज विचारायचा.

"मीच सांगते. संडेला सांगते."

मैत्री पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणायची, "यू सेड दॅट लास्ट संडे, आई."

तीन रविवार गेले. एकदा चहा घेऊन आले, तर तुम्ही बादली काढलीत. मी तुम्हाला अडवलं नाही, एकदाही अडवलं नाही, तेव्हाच तुम्हाला संशय यायला हवा होता. शेवटच्या रविवारी मी जायला उठले आणि तुम्ही दारापर्यंत आलात. एरवी खुर्चीतूनच हात हलवायचात. चौकटीला टेकून, पहिल्या दिवशी टेकला होतात तसेच, तुम्ही विचारलंत, "मला काही सांगायचंय का तुला?"

मी म्हटलं, "नाही, काही नाही. टेप संपली एवढंच."

तुम्ही मान हलवलीत. म्हणालात, नवीन घेऊन ये.

मंगळवारी पेग वर आली. तुम्ही कसे गेलात ते मी इथे लिहीत नाही. पेग सगळ्यांना सांगतेच आहे आणि दर वेळी वेगळं सांगते आहे.

तुमचा वेकही घरातूनच झाला. मी दोन पातेली झुणका केला. या खेपेला पांढरी साडी नाही, नोराकाकूंना आवडायची ती हिरवी नेसले. कोठारात काम केलेली उरलीसुरली माणसं आली, वॉर्ड सोडून उपनगरात गेलेलीही आली, तुम्ही ज्यांना निरोप दिला नव्हता ती सगळी. त्यांच्यातले दोघं तुमच्या पेटीजवळ उभे राहून खिळे ठोकल्याचा अभिनय करून गेले. म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. अकॉर्डियनवाला म्हातारा आता नाही, त्याच्या नातीनं वाजवलं.

माझी पाळी आली. सांगण्यासारख्या खऱ्या गोष्टी माझ्याकडे पुष्कळ होत्या. तांदळाची होती, 'कुठलं चर्च'ची होती. पण मी उभी राहिले आणि तोंडातून बादली निघाली. तुमची आजी, पूल, धुकं (धुकं मी घातलं), समोरून येणारी रांग, आणि कोबीचं कढत पाणी. असं सांगितलं की जणू मी तिच्या मागे पदर खोचून उभी होते.

"कोबीचं नव्हतं," पेग म्हणाली. "साबणाचं होतं. सोमवार होता."

मागून कुणीतरी म्हणालं, मासे. पेग म्हणाली, आजी कोणाची, तुझी की माझी? झालं, तुमच्या पेटीसमोर जुंपली. कोणी म्हणे बादली, कोणी म्हणे किटली. कोणी म्हणे आजी एकटी होती, कोणी म्हणे साताठ जणी होत्या. लोक हसून टेबलं बडवत होते. पाणी होतं की नव्हतं, असं मात्र त्या खोलीत एकही माणूस म्हणत नव्हता. माझ्याशिवाय ते कधी कुणी म्हटलंच नव्हतं.

तेवढ्यात टॉम उठला. ऐंशी वर्षांचा माणूस, उठायलाच वेळ लागला, तोवर सगळे गप्प झाले. तो तुमच्याकडे बघत होता.

"कोबीचंच होतं," टॉम म्हणाला. "माझा आजा त्या रांगेत होता. घरी आला तेव्हा अंगाला कोबीचा वास येत होता. माझा बाप तेव्हा दहा वर्षांचा. त्यानंतर आमच्या घरात कोबी कधी शिजला नाही."

साठ वर्षं, डॅनकाका. साठ वर्षं तुम्ही त्याच्या शेजारी बसून बिअर प्यायलात, जहाजाच्या पोटात एकमेकांचा खोकला ऐकलात, आणि तो दर वेळी तुमची बादलीची गोष्ट ऐकून सगळ्यांबरोबर हसत होता. संप फोडणाऱ्याचा नातू, हे या वॉर्डात शिवीपेक्षा वाईट. क्षणभर वाटलं, आता काय होतंय. पेग उठली, टॉमपाशी गेली, त्याला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मग साबणाचं नव्हतं तर." त्यानंतर जे हसू फुटलं ते मी जन्मात विसरणार नाही. टॉम हसत होता आणि रडत होता, आणि मी त्याला झुणका वाढला. वर आल्यावर मी कपाटातली कॅसेट काढली, लेबलावरचं पेन्सिलीचं अक्षर खोडरबरानं पुसलं आणि मग बसून मनसोक्त रडले, आमच्या रीतीप्रमाणे.

इथे मी हे संपवणार होते. पण त्याच आठवड्यात शनिवारी आम्ही ड्राइव्ह करून आयसेलिनला गेलो, भाड्याच्या घराच्या कागदांवर सही करायला. घरमालक म्हातारा इटालियन आहे, त्याचं नाव साल. अंगणात त्यानं अंजिराचं झाड थंडीसाठी गोणपाटात गुंडाळलंय आणि वर बादली उपडी घातलीय. ती बघून मला हसू फुटलं, आणि मी त्याला कारण सांगू शकले नाही.

सालनं माझ्याकडे बघितलं, साडीकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

"तुमचे काका फार बोलतात," तो म्हणाला.

मला कळेना. मी प्रकाशकडे पाहिलं, तर तो बुटांकडे बघत होता. फॉर्मवर आताच्या घरमालकाचं नाव आणि फोन लिहावा लागतो, ते त्यानं लिहिलं होतं आणि साल फोन करील हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सालनं फोन केला होता. मी विचारलं, कधी? तो म्हणाला, दोन आठवड्यांपूर्वी, गुरुवारी. भाडेकरू कसे आहेत एवढंच विचारलं, तर त्या माणसानं पाऊण तास सोडलं नाही.

गुरुवारी. म्हणजे रविवारी दारात टेकून उभे होतात तेव्हा तुम्हाला सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला शेवटची संधी देत होतात, आणि मी म्हटलं की टेप संपली.

मी सालला काही सांगणार तोच तो पुढे बोलायला लागला. तुमच्याकडून त्याला कळलं होतं की मी तुमची पुतणी आहे. आमचं घराणं कालवा खणायला आलं. चार पिढ्या आम्ही त्याच रस्त्यावर आहोत, आणि वॉर्डातला एकही वेक माझ्या हातच्या जेवणाशिवाय होत नाही. आणि तुम्ही त्याला बजावलं होतंत की एप्रिलनंतरही वरच्या मजल्याला आम्ही सुजाताचंच घर म्हणणार, तेव्हा तुझ्याकडे तिला काही कमी पडलं तर ती परत येईल.

मैत्रीनं माझी बाही ओढली. "आई, वी आर नॉट आयरिश," ती कुजबुजली. मी तिचा हात दाबला. पाच वर्षं मी तुमची प्रत्येक तारीख, प्रत्येक आकडा, प्रत्येक भाऊ दुरुस्त केला. त्या अंगणात मी एक अक्षर दुरुस्त केलं नाही.

"एक मात्र मला नीट कळलं नाही," साल म्हणाला. "तुमची आजी. ते म्हणाले, भर दुपारी बादली घेऊन एकटी गेली, सगळे अडवायला उभे होते, आणि ती कुणाच्या बापाला भ्यायली नाही. हे खरं आहे?"

"खरं आहे," मी म्हटलं.

"काय होतं त्या बादलीत?"

मी म्हटलं, "पाणी." मग त्यानं खिशातून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली.